भिंतीवरच्या चपला

मी दिलेल्या सतरा फोटोंमध्ये सतरा दुकानं होती, बावीस पाट्या, अकरा छतपंखे, दोन मांजरं आणि त्रेचाळीस माणसं. माणसांपैकी नऊ सौदी. बाकीचे येमेनी, बांगलादेशी, पाकिस्तानी, केरळी आणि एक आपला कोकणातला. हे आकडे अंदाजाचे नाहीत. फोटो पाठवण्याआधी मी दोनदा मोजले होते, कारण प्रत्येक माणसाची परवानगी घेतली होती आणि एकही चेहरा चुकून सुटायला नको होता.

भिंतीवर लागलेल्या सतरा फोटोंमध्ये दोन्ही मांजरं होती. माणूस एकही नव्हता.

ही भिंत सौदीतल्या जिझानच्या जुन्या बाजारात आहे. बाजारातली एक गल्ली पाडून तिथे नवीन इमारत होणार आहे. पाडकामाभोवती पत्र्याचं उंच कुंपण घातलं आणि त्यावर पाडलेल्या दुकानांचे मोठे फोटो लावायचे ठरले, म्हणजे लोकांना बाजाराची आठवण राहील. काम रियाधच्या एका एक्झिबिशन कंपनीला मिळालं. माझे फोटो त्यांनी माझ्या वेबपेजवर पाहिले आणि मागितले. मी आनंदाने दिले.

त्या गल्लीचे फोटो मी कुणाच्या सांगण्यावरून काढले नव्हते. माझी आई, डॉक्टर अहिल्या, इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मी पुण्यात फिजिक्स केलं, मग दोन वर्षं जपानमध्ये सेंदाईला ऑप्टिक्स. तिथे रविवारी मी जुन्या दुकानांचे फोटो काढत फिरायचे. छत्र्या दुरुस्त करणारा, तांदळाच्या पापड्या भाजणारी बाई, सार्वजनिक न्हाणीघराशेजारचं साबणाचं दुकान. कॅमेरा नेहमी सहा मीटरवर, लेन्स एकच, दुकान अगदी समोरून. असं केलं की दोन दुकानांची तुलना करता येते. सेंदाईच्या उत्तरेला, मोरिओकात चटया विणणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढताना मी त्याला हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा. तो हलला नाही. म्हणाला, "रिकाम्या दुकानाचा फोटो जागा विकायची असेल तेव्हा काढतात. मला विकायची नाही." त्यानंतर मी एकदाही कुणाला बाजूला व्हायला सांगितलं नाही.

जिझानला पीएचडीच्या प्रवेशाची वाट बघत आईकडे राहायला आले, तेव्हा या गल्लीतही मी तेच केलं. मोगऱ्याचे गजरे विकणारे, मधवाले, मातीची भांडी, मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान. आणि सात नंबरला जमालुद्दीनचाचांचं शिलाईचं दुकान.

चाचा हर्णैजवळचे. छत्तीस वर्षं जिझानमध्ये. थोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवायचे, हॉस्पिटलचे कोट शिवायचे, आणि अख्ख्या शहरात साडीवरचं ब्लाउज शिवणारे ते एकटे, त्यामुळे हॉस्पिटलमधल्या झाडून सगळ्या मराठी आणि मल्याळी बायका त्यांच्याकडे. पाटीवर नाव कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर धंदा चालतो त्या सौदी मालकाचं, होतं, तसं ते सगळ्यांच्याच पाटीवर असतं. त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, कुटुंब आणता येत नव्हतं, म्हणून गावी असलेल्या अख्तरीचाचींनी हे दुकान कधी पाहिलंच नाही. व्हिडिओ कॉल होता, पण चाचा फोन असा धरायचे की चाचींना छताचा पंखा आणि चाचांच्या नाकपुड्या एवढंच दिसायचं.

त्रेचाळीस जणांची परवानगी मला चाचांनीच मिळवून दिली. माझी अरबी 'यल्ला' आणि 'खलास'च्या पुढे फारशी जात नाही. ते माझ्याबरोबर दुकानोदुकानी हिंडले. "डॉक्टरीणबाईंची मुलगी आहे, शिकलेली आहे, तुमचा चेहरा वाया घालवणार नाही," असं प्रत्येकाला सांगितलं. त्यांच्या तोंडाकडे बघून लोक हो म्हणाले.

गल्ली पडली. कफीलने चाचांचं खुरूज काढलं, म्हणजे कायमचं परत जाण्याची परवानगी. शुक्रवारचं विमान. चाचा आधीच्या आठवड्यातही जाऊ शकले असते, पण त्यांनी तिकीट पुढे ढकललं. भिंत लागणार होती आणि भिंतीवर ते असणार होते.

"दुकान पाडलं ते पाडलं," मला म्हणाले होते, "पण गावात माझा जावई काय म्हणतो माहितीये? म्हणतो, अब्बा तिकडे कुणाच्यातरी दुकानात कामाला होते. कामाला! एक फोटो काढ गो माझा भिंतीबरोबर. एक जमालुद्दीन भिंतीवर, एक जमालुद्दीन खाली. मग बोल म्हणावं."

हे त्यांनी चाचींना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून चाचींचा आवाज मला ऐकू आला. "दोन कशाला? एकानेच पुरे केलंय मला."

मूळ फोटोची प्रत मी त्यांना केव्हाच दिली होती. ती त्यांनी बॅगेत जपून ठेवली होती, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "हा तुझा माझा फोटो. भिंतीवरचा तो सगळ्या गावाचा."

बुधवारी, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर आम्ही गेलो. चाचांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं, आणि गळ्यात मापाची टेप अडकवली होती.

"टेप कशाला, चाचा?"

"भिंतीवरच्याच्या गळ्यात आहे ना? मग खालच्याच्याही पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील तोतया आहे."

आम्ही भिंतीच्या एका टोकापासून चालायला लागलो. जाळ्यांचं दुकान. मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळलं नाही. पुढे मधवाला. मधाच्या बरण्यांमागे माणूस नव्हता, बरण्यांच्या आणखी काही रांगा होत्या. त्या रांगा मी काढलेल्या नव्हत्या. मोगरेवाल्यांच्या बाकावर टोपल्या होत्या आणि बाक रिकामं होतं. माझ्या फोटोत तिथे पाच जण बसलेले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी सात नंबरकडे जवळजवळ धावत गेले. चाचा मागून येत होते. त्यांनी बघू नये असं मला वाटलं, पण भिंत चार मीटर उंच होती.

चाचांनी आधी दुकान ओळखलं. "हां. हे माझं." मग चष्मा पुसला आणि परत बघितलं. निळं लाकडी दार, आत शिलाईचं मशीन, कपाटात कापडाचे तागे. दारात जिथे चाचा उभे होते, गळ्यात टेप, मोगरेवाल्याशी वाद घालताना उघडं तोंड, तिथे आता आतली भिंत दिसत होती. भिंतीचा तुकडा शेजारून उचलून तिथे चिकटवला होता. एकच ओल आलेला डाग दोनदा दिसत होता.

"मी कुठाय गो?"



मग ते वाकले. फोटोच्या अगदी खालच्या काठाशी, उंबऱ्याबाहेर, चपलांचा एक जोड होता. निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला. एक पट्टा तुटलेला आणि लाल दोऱ्याने शिवलेला. गल्लीतले बाकीचे सगळे चपला घालूनच दुकानात वावरायचे. चाचा नाही. ते कापड जमिनीवर अंथरून बेतायचे, त्यामुळे चपला कायम उंबऱ्याबाहेर, गिऱ्हाईकाच्याही आणि त्यांच्याही. फोटो काढला तेव्हा त्यांचे पाय उघडे होते. कॉम्प्युटरला माणसं काढून टाकायला सांगितलं होतं, त्याने पायासकट माणूस काढला. चपला माणसाच्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्याच चपला होत्या.

"मशिदीत चपला चोरीला जातात आणि माणूस राहतो," ते म्हणाले. "ह्यांनी उलटं केलं."

मला हसू आलं नाही. मला रडू येतंय की काय असं वाटलं, पण ते रडू नव्हतं.

सिद्धार्थ तिथेच होता, दिव्यांची जोडणी बघत. तो पुण्याचा, कंपनीचा क्रिएटिव्ह प्रमुख, आणि फोटो मागण्यापासून सगळा पत्रव्यवहार त्यानेच केला होता. मला बघून हात हलवत आला.

"अरे रुचा! प्रिंट क्वालिटी बघितलीस? तुझा शार्पनेस म्हणजे काय सांगू—"

"माणसं कुठे आहेत?"

"हां, ते. क्लीन प्लेट्स केल्या सगळ्या, म्हणजे नुसती दुकानं. क्लायंटला आर्किटेक्चर हवं होतं. माणसं आली की फोटो जुना होतो गं. कपडे, मोबाइल. टाइमलेस राहत नाही."

"हा बाजार टाइमलेस नव्हता. गेल्या महिन्यात तो पाडला."

"तू फार पर्सनली घेतेयस."

"मी प्रत्येकाची परवानगी घेतली होती. त्रेचाळीस."

"परवानगी कशाची? फोटो दाखवायची ना?" तो खरोखर समजावण्याच्या सुरात बोलत होता. "आपण दाखवलेच नाहीत. न दाखवायला कुणाची परवानगी लागते?"

माझा राग आणखी चढला. वाक्य बरोबर होतं. कुठल्याही कागदात चूक सापडली नसती. चाचा सतरा दुकानांत हिंडून ज्याच्यासाठी बोलले होते ते नेमकं या वाक्याच्या बाहेर पडलं होतं.

"साहेब," चाचा पुढे झाले. आवाज अगदी गोड होता. तो आवाज मी ओळखते. कापड कमी आणून कोट मोठा मागणाऱ्यांशी ते असंच बोलायचे. "एक विचारू? मी नको होतो, ठीक आहे. चेहरा माझा तसा काही बघण्यासारखा नाही. पण मग माझ्या चपला कशाला ठेवल्या? माणूस नको तर चपलाही परत द्या."

"चपला?" सिद्धार्थ वाकला. बघितलं. कपाळावर हात मारला. "बापरे! एवढं क्यूसी करून... गुड कॅच, चाचा. थँक यू, रिअली." आणि वळून दिवेवाल्याकडे ओरडला, "जगदीश! पॅनल सेव्हन में नीचे स्लिपर दिख रहे हैं. पॅच प्रिंट करवाओ, सुबह ओपनिंग से पहले लग जाना चाहिए."

चाचा माझ्याकडे वळले. "मी शिवी दिली गो. ह्याने आभार मानले."

"सिद्धार्थ, मी हे सगळीकडे लिहिणार आहे," मी म्हणाले. "मूळ फोटो आणि हे फोटो शेजारी शेजारी."

त्याने आवाज खाली आणला. "रुचा, तू काकूंच्या इकाम्यावर डिपेंडंट आहेस ना? म्हणजे ऑफिशियली तू आमच्यासाठी काम केलेलंच नाहीस. म्हणून तर आम्ही तुझं नावही कुठे टाकलं नाही. तुझ्याच भल्यासाठी. उगाच काकूंना त्रास कशाला?"

मी भिंतीच्या टोकाकडे बघितलं. तिथे पाटी होती. कंपनीचं नाव, छपाईवाल्याचं नाव, दिव्यांच्या कंपनीचं नाव. म्हणजे त्रेचाळीस नाही. चव्वेचाळीस.

मी बाजूला जाऊन आईला फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, इकाम्याच्या वाक्यासकट.

"रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, रुचा," आई म्हणाली.

"माहितीये."

मागे कुणीतरी तिला अरबीत हाक मारत होतं. "चपलांबद्दल तो चाचांच्या तोंडावर थँक यू म्हणाला?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस? कॅमेरा नेलायस ना?"

मी परत आले तेव्हा चाचा भिंतीला पाठ करून उभे होते. "चल जाऊ. अख्तरीला सांगतो, भिंत पावसात वाहून गेली."

"जिझानमध्ये?"

"तिला काय माहीत जिझान."

"चाचा, सकाळी त्या चपलाही जाणार. आता काढू आपण फोटो. तुम्ही दारातच उभे असल्यासारखा."

"भिंतीवर चढू काय मी?"

"खालीच. मला तुमची टेप द्या."

भिंतीसमोर फुटपाथवर कंपनीने पावलांचे पिवळे ठसे चिकटवले होते, सेल्फी घेणाऱ्याने तिथे उभं राहायचं. कुठलाही हिशोब न करता चिकटवले होते. तिथे उभा राहिलेला माणूस फोटोतल्या दारापुढे पोरासारखा दिसला असता, कारण फोटो खऱ्यापेक्षा मोठा छापला होता. खरं दार मी तेव्हा मोजलेलं होतं, दोन मीटर दहा. भिंतीवरचं दार चाचांच्या टेपने मोजलं. दोन मीटर नव्वद. म्हणजे एक पूर्णांक अडतीस पट. मूळ फोटोत कॅमेरा सहा मीटरवर होता, तर आता भिंतीपासून आठ मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर हवा, आणि चाचा भिंतीला टेकून नाही, कॅमेऱ्यापासून सहा मीटरवर. पुढे उभा असलेला माणूस मोठा दिसतो, मागचं दार लहान दिसतं, आणि या एकाच ठिकाणी दोघांचं माप जुळतं. उरले पाय. कॅमेरा उंच ठेवला तर पाय दाराच्या खाली घसरतात. कॅमेरा जमिनीवर असेल तर जमिनीवरचं सगळं एकाच रेषेत येतं, जवळचं असो की लांबचं. फोटोचा खालचा काठ फुटपाथला टेकलेला होता. म्हणजे जमेल.

दीड मीटरची टेप फुटपाथवर परत परत ठेवत मी अंतर मोजलं. चाचा टेपचं दुसरं टोक धरून चालत होते. "मापं तू घे," म्हणाले, "पैसे मी नाही देणार."

मग मी अबाया गोळा करून फुटपाथवर पोटावर पालथी पडले. फरशी तापलेली होती. हातांच्या कोपरांना चटके बसत होते. बाजारातून जाणारे लोक थांबले. एक बाई मुलांना घेऊन थांबली. मधवाला येमेनी, ज्याच्या जागी आता बरण्या होत्या, तोही गर्दीत होता. त्याने अजून स्वतःचा फोटो बघितला नसावा.

"रुचा, हे काय चाललंय?" सिद्धार्थ धावत आला.

"भिंतीसमोर फोटो काढतेय. त्यासाठीच लावलीय ना?"

"अगं पण तिथे नाही, ते स्टिकर आहेत ना, तिथे उभं राहायचं—"

"स्टिकर चुकलेत."

"सगळे बघतायत. प्लीज ऊठ."

"तुम्ही फ्रेममध्ये आलात, सिद्धार्थ. बाजूला व्हा."

मोरिओकानंतर पहिल्यांदाच मी कुणाला हे सांगितलं आणि मला फार बरं वाटलं. तो झाला बाजूला.

चाचा खुणेच्या जागी आले. उभे राहिले. मग थांबले, चपला काढल्या आणि डावीकडे नीट जोडून ठेवल्या.

"चाचा, घाला चपला. पाय भाजतील. आणि एक जोड आहेच मागे फोटोत."

"दुकानात चपला घालून उभा राहू?" ते माझ्यावर खेकसले. "छत्तीस वर्षांत कधी राहिलो नाही."

कुणीतरी पुठ्ठ्याचा तुकडा आणून दिला. त्यांनी तो पायाखाली घेतला, शर्टाची बाही सरळ केली, टेप परत गळ्यात घालून दोन्ही बाजूंना सारखी केली. भिंतीवरची ओल, मशीन, कापडाचे तागे त्यांच्यामागे गेले. डोकं दाराच्या त्या जागी आलं जिथे ते असायचं. चिकटवलेला तुकडा पूर्ण झाकला गेला.

"हसा की."

"कशाला हसू? काढ."

मी बारा फोटो काढले. एकातही ते हसलेले नाहीत. एकात तोंड उघडं आहे, कारण गर्दीतला मोगरेवाला त्यांना काहीतरी चिडवून बोलला आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. तोच निवडला.

मी तो त्यांच्या फोनवर पाठवला आणि त्यांनी लगेच पुढे. आम्ही गाडीपर्यंत पोचायच्या आत चाचींचा आवाज आला. चाचांनी फोन कानाला न लावता समोर धरला, नेहमीसारखा.

"दार केवढं मोठं होतं हो तुमचं. मला वाटायचं टपरी असेल." मग थोडं थांबून, "आणि चपला दोन जोड कशाला?"

चाचांनी फोन खिशात ठेवला आणि गाडीत बसेपर्यंत भिंतीकडे बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी पॅनल सातवर पॅच लागला. उंबऱ्याबाहेर आता फक्त फरशी आहे. उद्घाटन झालं. सतराही मूळ फोटो आणि भिंतीचे सतराही फोटो मी शेजारी शेजारी लावून माझ्या वेबपेजवर टाकले, खाली माणसांची संख्या लिहून. त्रेचाळीस, शून्य. सिद्धार्थचे चार मेसेज आले. आईने मला ते उघडू दिले नाहीत. शुक्रवारी चाचा गेले.

नंतर मी दोन फोटो एकाखाली एक घेऊन मोजले. मूळ फोटोत दाराची उंची शंभर धरली तर जमालुद्दीनचाचांची उंची अठ्ठ्याहत्तर होती. बुधवारच्या फोटोत ती सत्त्याहत्तर पूर्णांक सहा आहे.